टाकाऊ ठरवण्याचा अधिकार



कोणत्याही काँसन्ट्रेटरचा मासिक अहवाल उघडा, रिकव्हरीचा आकडा पहिल्याच पानावर सापडेल. समजा, प्लांटमध्ये ५ टक्के जस्त असलेले १०० टन धातुक गेले, ५० टक्क्यांचे काँसन्ट्रेट निघाले आणि टेलिंग्जमध्ये, म्हणजे टाकून दिलेल्या गाळात, अर्धा टक्का जस्त उरले. ताळेबंद मांडला की काँसन्ट्रेट भरते जेमतेम ९ टन आणि रिकव्हरी येते ९१ टक्के. साहेब खूश, प्लांट खूश. उरलेले ९१ टन गेले टेलिंग पाँडमध्ये. त्यांचा ॲसे आपण दर पाळीला घेतो, नाही असे नाही. पण तो रिकव्हरी काढण्यापुरता. आकडा निघाला की नमुना फेकला जातो आणि तो माल पाँडच्या कोणत्या कोपऱ्यात, किती खोलीवर, किती बारीक अवस्थेत जाऊन बसला हे कुणी लिहून ठेवत नाही. माझे म्हणणे असे, की टाकाऊ म्हणून बाजूला काढलेला माल हाही खाणीचा साठाच आहे. त्याची नोंद धातुकाच्या साठ्याइतकी काटेकोर असायला हवी, आणि ती जबाबदारी पर्यावरण विभागावर किंवा ठेकेदारावर ढकलण्यासारखी नाही, ती अभियंत्याची आहे.

याचे कारण असे की धातुक कोणते आणि दगड कोणता हे निसर्ग ठरवत नाही. ते त्या त्या काळचा भाव आणि त्या त्या काळची यंत्रे ठरवतात. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलचे उदाहरण आपल्या शाखेत सर्वांना ठाऊक असले तरी त्यातली एक बाब नीट पाहण्याजोगी आहे. तिथल्या सल्फाइड धातुकात शिसे, चांदी आणि जस्त एकत्र होते. ते वेगळे करणाऱ्या जिग यंत्राचे तत्त्व सुपात पाखडण्याचेच, जड ते राहते आणि हलके ते जाते. शिशाच्या गॅलिनाची घनता साडेसातच्या घरात, त्यामुळे तो सहज वेगळा होई. पण जस्ताचा स्फॅलेराइट चारच्या आसपास आणि त्याच्यासोबतचे ऱ्होडोनाइट व गार्नेट हेही साडेतीन ते चारच्याच आसपास. जिगला त्यांच्यात फरक करता येईना. त्यात जस्त आहे हे सगळ्यांना माहीत असूनही लाखो टन माल ढिगाऱ्यावर गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पॉटर नावाचा एक बिअर बनवणारा गृहस्थ आणि खाणीचा व्यवस्थापक देलप्रा यांच्या प्रयोगांतून फ्लोटेशन उभे राहिले. फ्लोटेशन घनता विचारत नाही. कणाचा पृष्ठभाग पाण्याने भिजतो की बुडबुड्याला चिकटतो, एवढेच विचारते. ते ढीग विकत घेऊन त्यांतले जस्त काढण्यासाठी १९०५ मध्ये झिंक कॉर्पोरेशन ही स्वतंत्र कंपनी निघाली, आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले हर्बर्ट हूवर तिच्या उभारणीत होते. कालचा कचरा भांडवल बाजारात गेला, तोही खाणीत एक सुरुंगही न लावता.

आपल्याकडे हेच गोव्यात घडले, पण निराळ्या वळणाने. भारतीय खाण ब्युरोने हेमॅटाइटसाठीची किमान मर्यादा २००९ मध्ये ५५ टक्के लोहावरून ४५ टक्क्यांवर आणली. म्हणजे कागदावरची एक ओळ बदलली आणि डोंगरच्या डोंगर दगडाचे धातुक झाले. त्याआधीच चीनच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढली होती आणि जुन्या डम्पमधला हलका माल बार्जमध्ये भरून मांडवी आणि झुआरीतून मुरगावकडे जाऊ लागला होता. गोव्यातली लीज पोर्तुगीज काळातल्या कन्सेशनमधून आलेली, लहान लहान आकाराची. हद्दीत माती टाकायला जागा नाही म्हणून डम्प हद्दीबाहेर, खासगी जमिनीवर चढवलेले. कुठला डम्प कुठल्या खाणीचा, कोणत्या वर्षाचा, किती टक्क्यांचा, याचा धड हिशेब नव्हता. परिणाम काय झाला ते आपण जाणतो. डम्प उचलतो आहोत असे सांगून ताजे धातुक जाते आहे का, हा प्रश्न विचारला गेला तेव्हा उत्तर द्यायला नोंदच नव्हती. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीजबाहेर डम्प करण्याला मनाई केली आणि राज्याच्या वार्षिक उत्पादनावर २ कोटी टनांची मर्यादा घातली.

इथे पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप येतो. कार्यकर्ते म्हणतात, 'भविष्यातला साठा' हे खाणवाल्यांचे सोयीचे निमित्त आहे. उद्या उपयोग होईल म्हणून ढीग उघडा ठेवायचा, त्यावर माती पसरायची नाही, झाडे लावायची नाहीत, आणि पावसाळ्यात त्याचा गाळ खालच्या भातशेतीत उतरू द्यायचा. आक्षेप खरा आहे. सायनाइडचे डम्प म्हणून ओळखले जाणारे कोलारचे ढीग पाहा. सोन्याच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. मागे सुमारे ३.३ कोटी टन टेलिंग्ज उरली, त्यांत टनामागे एक ग्रॅमहूनही कमी सोने. चित्रपटवाल्यांना ते डोंगर आवडतात, पण वारा सुटला की ती बारीक धूळ वस्तीत जाते. सोने काढायचे की झाकून टाकायचे, हा निर्णय दोन दशके लोंबकळत राहिला आणि तोवर त्रास रहिवाशांनी सोसला. म्हणून माझ्या मते साठा मानणे याचा अर्थ अनिश्चित काळ वाट पाहणे असा होऊच नये. ढिगात काय आहे हे लिहिलेले असेल तर पाच वर्षांत हिशेब करून सांगता येते, की हा उचलण्याजोगा आहे, तोवर याच्यावर गवत. आणि हा कधीच परवडणार नाही, याला आजच कायमचे झाका. नोंद नसली की दोन्ही ढिगांचे भवितव्य एकच होते, म्हणजे काहीच होत नाही.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमध्ये ब्रुमादिन्यो इथे लोहखनिजाच्या टेलिंग्जचा बंधारा फुटला आणि २७० माणसे गेली. त्या बंधाऱ्यात काही वर्षे नवा माल पडतही नव्हता. तज्ज्ञ समितीच्या निष्कर्षातला एक भाग आम्हा प्रक्रियावाल्यांनी वारंवार वाचावा असा आहे. टेलिंग्जमध्ये लोहाचे प्रमाण मोठे होते. त्यामुळे कण एकमेकांना बांधले जाऊन माल कडक झाला, पण ठिसूळही झाला. आत पाण्याची पातळी उंच राहिलेली. असा माल बराच काळ भक्कम दिसतो आणि एका मर्यादेपलीकडे ताण गेला की क्षणात सारे बळ गमावून द्रवासारखा वाहतो. म्हणजे जे लोह आमच्या प्लांटला पकडता आले नाही, तेच बंधाऱ्याच्या पोटात जाऊन धोक्याचा भाग झाले. रिकव्हरीचा आकडा आणि बंधाऱ्याची स्थिरता ही दोन खात्यांची दोन कामे आहेत, अशी आपली जी समजूत आहे तिला यानंतर आधार उरत नाही.

कुणी म्हणेल, मग वर ठेवताच कशाला, खाणीतच परत भरा. भूमिगत खाणीत हे करावेच, विशेषतः जिथे आपण अजून नदीची वाळू स्टोइंगला, म्हणजे पोकळी भरायला, वापरतो तिथे. पण फोडलेला, दळलेला दगड मूळ जागेत मावत नाही. तो फुगतो, आणि निम्म्याच्या आसपास माल वर उरतोच. शिवाय हायड्रॉलिक फिलमधून पाणी निचरायला हवे म्हणून सायक्लोनने बारीक गाळ आधी काढून टाकावा लागतो, आणि सर्वांत त्रासदायक भाग तोच असतो. पेस्ट फिलमध्ये सारे चालते, पण सिमेंट मिसळून भरलेले पुन्हा काढणे जवळपास अशक्य. तो निर्णय घ्यावा, पण काय गाडतो आहोत ते ठाऊक असताना घ्यावा.

विक्रीयोग्य नसलेले खनिज वेगळे रचून ठेवावे हे आपल्या खनिज संवर्धन व विकास नियमांत १९८८ पासून आहे, मग नवे काय मागता, असेही विचारले जाईल. नियम वेगळा ढीग मागतो. मी ढिगाचे पोट मागतो: कोणत्या महिन्याचा माल, कोणत्या थरात, त्याची टक्केवारी, कणांचा आकार, खनिजे कोणती, ओल किती. हा खर्च फार नाही. नमुने आपण घेतोच, फक्त ते फेकायचे नाहीत आणि आकड्यांना ढिगाच्या नकाशावर जागा द्यायची. धातुकाच्या साठ्याचे ब्लॉक मॉडेल करणाऱ्या संगणकाला डम्पचे मॉडेल जड नाही. महाग पडते ते वीस वर्षांनी त्याच ढिगावर ड्रिल लावून, आपणच टाकलेला माल पुन्हा शोधणे.

सुरुवात नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज पट्ट्यातून करावी असे मी सुचवतो. तिथले जुने डम्प हाताने निवड करण्याच्या काळातले आहेत. त्यांच्या नोंदी कागदावर नाहीत, पण कोणत्या खड्ड्याचा माल कुठे टाकला हे जागेवर उभे राहून सांगू शकतात, असे मुकादम अजून कामावर आहेत. येत्या काही वर्षांत ते निवृत्त होतील. आपल्या परिषदेच्या तांत्रिक समितीने त्यांच्यासोबत डम्प फिरून नकाशे करण्याचे काम यंदाच्या हिवाळ्यातच हाती घ्यावे.