पेटीतून पाळण्याकडे
(मंडळाच्या घोटी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षण, विवाह व वसतिगृह या विषयांवर बोलण्याची आपल्या संमेलनाची प्रथा आहे. आज त्या प्रथेस किंचित फाटा देऊन एका लहानशा विषयाकडे आपले लक्ष वेधण्याची अनुज्ञा आम्ही मागतो. विषय लहान अशासाठी की, ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याचे वजन पुष्कळदा दीड किलोच्या आसपासच असते.

अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मले की ते घोटीहून नाशिकसारख्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात न्यावे लागते. आपल्या घरांत त्याला ‘काचेच्या पेटीत ठेवले’ असे म्हणतात. पुढे ‘उद्या बाळाला घरी न्या’ असा निरोप येतो आणि संकट टळले म्हणून पेढे वाटले जातात. आनंद रास्तच आहे. परंतु आम्हां परिचारिकांचे सांगणे असे की, तो दिवस राखण संपल्याचा नव्हे, राखणदार बदलल्याचा असतो. कालपर्यंत जे काम यंत्रे आणि पाळीपाळीने जागणाऱ्या परिचारिका करीत होत्या, ते आजपासून आईने व आजीने करावयाचे असते.

बाळाला केव्हा सोडावे हे डॉक्टर ठरवितात. यंत्राच्या उबेवाचून अंग गरम राहावे, दूध नीट प्यावे, वजन दीड किलोवर जावे व लागोपाठ ३ दिवस वाढत राहावे, अशा त्यांच्या कसोट्या असतात. या कसोट्यांना आधार परिचारिकेच्या नोंदींचा. आणखी एक कसोटी मात्र कोणत्याही काट्यावर मोजता येत नाही. आईचा हात बाळावर बसला आहे काय, ही ती कसोटी होय. म्हणूनच चांगली परिचारिका पहिल्या दिवसांपासूनच आईला शिकवू लागते : हात धुणे, दूध काढून वाटी-चमच्याने पाजणे, बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणे. ही शेवटची रीत १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडल्यामुळे रूढ झाली. आपल्याकडे मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. आईच हे पहिले औषध, हे तत्त्व दोन्हींच्या मुळाशी एकच आहे.

आता आमच्या विषयाचे मर्म. परिचारिका शिकविते आईला. परंतु घरात शब्द चालतो तो सासूबाईंचा. घोटीचा पाऊस आणि ओल आपणांस ठाऊक आहे. म्हणून बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटते, धुरी दिली जाते. घुटी उगाळतात, मध चाटवितात, नाका-कानात तेल घालतात. यामागची माया आम्हांस पूज्य आहे. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे धूर सोसत नाहीत, आणि आईच्या दुधाखेरीज त्याच्या पोटी काही जाता कामा नये. औषध द्यावयाचे तर डॉक्टरांनी सांगितलेलेच. वीस-बावीस वर्षांची सून हे वडीलधाऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? तिला अवघड पडेल असे ओझे आपण तिच्यावर का टाकावे?

आजीने मनावर घेतले तर काय घडते, याचे उत्तर गडचिरोलीने दिले आहे. तेथे डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या साध्या स्त्रियांना नवजात बाळाची निगा शिकविली, आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. तो वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या घरी येऊन नवजात बाळे पाहतात, त्यामागे हाच अनुभव आहे. जे परक्या बाईला साधले, ते सख्ख्या आजीला का साधू नये?

तेव्हा मंडळाच्या कुटुंबांपाशी आमच्या विनंत्या आहेत. सोडण्याच्या दिवसापूर्वी आजी व वडील या दोघांनी विभागात जाऊन परिचारिकेकडून सारे समजून घ्यावे. केवळ बिल आणि कागद घेण्यासाठी जाऊ नये. बारसे थोडे लांबवावे, गर्दी टाळावी. बाळ दूध ओढीनासे झाले, अंग गार वा तापलेले लागले, श्वास मिनिटाला ६० वा अधिक झाले, छाती आत ओढू लागली, तळहात-तळपाय पिवळे दिसले, झटका आला, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. आणि बाळ कितीही सुदृढ दिसो, सुमारे चौथ्या आठवड्यातील डोळ्यांची तपासणी कदापि चुकवू नये. अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या डोळ्यांतील पडद्याचा दोष वरून दिसत नाही; वेळ निघून गेली तर दृष्टी कायमची जाते.

मंडळ मुलांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देते, ते योग्यच आहे. पण शाळेच्या पायरीपर्यंत पोहोचण्यापूर्वी मुलाला घराचा उंबरठा सुखरूप ओलांडावा लागतो. त्या उंबरठ्याच्या अलीकडे परिचारिका उभी आहे; पलीकडे आपण जागे राहावे, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.