घरीं बनविलेली खेळाची कॅसेट



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस थोडें हसूं येईल. सारा जन्म खडू हातांत धरलेल्या मास्तरानें नभोवाणीवर यावें आणि मुलांच्या व्हिडिओ गेमविषयीं बोलावें, हें कांहींसें विपरीतच दिसतें. परंतु ज्या वस्तूविषयीं मी बोलणार आहे ती खेळण्याची असली, तरी ती स्वतः बनविणें हा एक उत्तम अभ्यास आहे, असें माझें मत झालें आहे. त्या मताचीं कारणें आपणांपुढें ठेवावीं, एवढाच आजचा हेतु.

१९९० नंतरच्या दहापंधरा वर्षांत आपल्याकडील अनेक घरांत टीव्हीला जोडावयाचें खेळाचें यंत्र आलें. त्याच्या वरच्या खांचेंत एक चपटी पेटी खोंचली कीं पडद्यावर खेळ सुरू होई. इंग्रजींत या पेटीला कार्ट्रिज म्हणतात. आपलीं मुलें तिला कॅसेट म्हणत. तिच्यांत फीत नव्हती कीं फिरणारीं चाकें नव्हतीं, तरी नांव तेंच रूढ झालें. मीहि मुलांचाच शब्द वापरतों. आपल्याकडे खपलेलीं यांतील पुष्कळ यंत्रें जपानच्या निन्टेन्डो कंपनीनें १९८३ सालीं काढलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. त्यांची एखादी स्वस्त कॅसेट कोणीं उघडून पाहिली असेल, तर त्यास आंत एक हिरवी पाटी व तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा दिसला असेल. खेळ त्या गोळ्याखालीं होता. पण गोळा फोडावा तर खेळहि जावयाचा. उघडून पाहणाऱ्या मुलाला शिकण्यासारखें तेथें कांहीं ठेवलेलेंच नव्हतें.

कॅसेटचें मर्म समजून घ्यावयाचें तर आणखी थोडें मागें, आणि अमेरिकेंत, जावें लागतें. आरंभींच्या घरगुती यंत्रांत खेळ यंत्राच्या जोडणींतच गुंफलेले असत. यंत्र घेतलें कीं त्यांत असतील तेवढेच खेळ. १९७६ सालीं फेअरचाइल्ड कंपनीनें चॅनेल एफ नांवाचें यंत्र काढलें. त्या कामावर जेरी लॉसन हे प्रमुख अभियंते होते. खेळ ज्या चिपमध्यें लिहिला ती चिप पेटींत घालून पेटीच बदलावयाची, ही सोय प्रथम या यंत्रानें बाजारांत आणली. पुढच्याच वर्षीं, १९७७ सालीं, अटारी कंपनीचें यंत्र निघालें. तेंच पुढें २६०० या आंकड्यानें प्रसिद्ध झालें. कंपनीनें त्याचें उत्पादन १९९२ सालीं थांबविलें. असें असूनहि त्याच्याकरितां हौशी लोक आजहि नवे खेळ लिहितात आणि नव्या कॅसेट हातानें बनवितात.

माझा एक पुतण्या पुण्यास विजेचीं उपकरणें दुरुस्त करण्याचें काम करतो. अमेरिकेंतून परतलेल्या एका गृहस्थांनीं त्यास असें एक बिघडलेलें अटारी यंत्र दिलें. त्यानें तें दुरुस्त केलें आणि थोड्या खटपटीनें येथील टीव्हीवर त्याचें चित्रहि आणलें. तेव्हां त्याच्या बारा वर्षांच्या मुलीनें विचारलें, "बाबा, यांत आपला स्वतःचा खेळ घालतां येईल का हो?" पुढचे दोन महिने त्या घरांत जें चाललें, तें मीं जवळून पाहिलें आहे.

या यंत्राच्या कॅसेटच्या तोंडाशीं चोवीस धातूच्या पट्ट्या असतात. त्यांपैकीं तेरा पत्त्याच्या, आठ मजकुराच्या, एक पांच व्होल्ट विजेची आणि दोन ग्राउंडच्या. पत्त्याच्या तेरा तारांपैकीं बारा प्रथम पाहूं. प्रत्येक तारेंत वीज आहे किंवा नाहीं, एवढे दोनच प्रकार. दोन हा अंक बारा वेळां मांडून गुणाकार केला तर उत्तर ४०९६ येतें. म्हणजे कॅसेटमध्यें ४०९६ खण आहेत असें समजावें. टपालकचेरींत पत्रें लावण्याचे खण असतात तसे. प्रत्येक खणांत शून्यापासून २५५ पर्यंतचा एक आंकडा. यंत्रानें पत्ता सांगावयाचा आणि कॅसेटनें त्या खणांतील आंकडा आठ तारांवरून परत द्यावयाचा. सारा खेळ या प्रश्नोत्तरांतून उभा राहतो. पुढें युक्त्या योजून याहून मोठे खेळहि झाले, पण मूळ हिशेब हाच. हें माझें भाषण संगणकांत साठवूं म्हटलें, तर ४०९६ खण त्याला पुरणार नाहींत. तेवढ्यांत मात्र एक संपूर्ण खेळ मावतो.

तेरावी तार ही दारावरच्या घंटेसारखी आहे. तिच्यांत वीज आली तर यंत्राचें बोलणें कॅसेटशीं चाललें आहे. वीज नसेल तर यंत्र आपल्याच पोटांतील दुसऱ्या भागांशीं बोलत आहे. या घंटेची कथा थोड्या वेळानें सांगतों.

कारखान्यांत चिप घडवितांनाच तिच्यांत खेळ कायमचा उमटविला जाई. घरीं तें साधत नाहीं. घरच्या कामाला उपयोगी पडते ती इप्रॉम नांवाची चिप. इंटेल कंपनींत काम करीत असतां डोव्ह फ्रोमान यांनीं ती १९७१ सालीं शोधून काढली. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची एक लहानशी खिडकी असते आणि तींतून आंतली चकचकीत नक्षी डोळ्यांनीं पाहतां येते. लिहितांना नेहमींपेक्षां अधिक दाबाची वीज देऊन एकेक खण भरतात. पुसावयाचें असल्यास त्या खिडकीवर जंबुपार किरणांचा, ज्यांस आतां अतिनील किरण म्हणतात त्यांचा, दिवा सुमारें पंधरावीस मिनिटें धरावा. पाटी कोरी होते. लिहून झाल्यावर खिडकीवर अपारदर्शक कागद चिकटवावा लागतो, कारण उन्हानेंहि लिखाण हळूहळू पुसलें जातें. मुलांनीं चुकावें, पुसावें आणि पुन्हां लिहावें, यासाठीं याहून सोयीची वस्तु मला ठाऊक नाहीं.

या जातींतील २७३२ क्रमांकाच्या चिपमध्यें नेमके ४०९६ खण असतात. पुतण्यानें ती आणली, एका जुन्या पाटीवर डाख देऊन बसविली, दोनतीन पायांची जागा जमत नव्हती तेथें वरून तारा नेल्या, आणि यंत्र सुरू केलें. पडद्यावर वेडेवांकडे पट्टे आले. पुन्हां पुन्हां डाख तपासला, तरी पट्टे तेच. तेव्हां मुलीनें वहींत दोन ओळींचें कोष्टक मांडलें. यंत्राच्या घंटेंत वीज आली म्हणजे कॅसेटनें बोलावें. या चिपचें दार मात्र वीज नसली म्हणजे उघडतें. म्हणजे बोलावयाच्या वेळीं चिप मुकी, आणि इतर भाग बोलत असतांना ही मध्येंच तोंड घालणार! कोष्टकाकडे पाहून मुलगी म्हणाली, "बाबा, मधें एक उलटें सांगणारा बसवूं या." तसा उलटें सांगणारा बाजारांत मिळतो. ७४०४ क्रमांकाच्या चिपमध्यें होयचें नाहीं व नाहींचें होय करणारीं सहा द्वारें असतात. येथें एकाच द्वाराची गरज. तेरावी तार त्यांतून फिरवून नेली आणि पडदा ताळ्यावर आला. तर्कशास्त्रांतील नकार म्हणजे काय, हें मीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून शिकविलें. त्या मुलीला तो त्या दिवशीं हाताला लागला.

खेळ लिहिण्याचें काम याहून कठीण. या यंत्रापाशीं पडद्याचें चित्र सांठवून ठेवण्यास जागाच नाहीं. तात्पुरत्या आठवणीकरितां सारे १२८ खण. टीव्हीवरील चित्र ओळीओळीनें वरून खालीं काढलें जातें, आणि प्रत्येक ओळ निघत असतांनाच तिच्यांत काय दाखवावयाचें तें सांगावें लागतें. एका ओळीला वेळ मिळतो ७६ ठोक्यांचा. अमेरिकन पद्धतीच्या चित्रांत ओळी २६२, आणि सेकंदास चित्रें सुमारें ६०. गुणाकार करून पाहावा: सेकंदास जवळजवळ बारा लाख ठोके होतात, तरीहि एका ओळीला मिळणारे ७६ कधीं वाढत नाहींत. फळा वर सरकत असतां त्यावर लिहावें, तसा हा प्रकार. नेहमींच्या मांडणींत १९२ ओळी चित्राच्या धरतात. उरलेल्या ७० ओळींच्या वेळांत गुण मोजणें, टक्कर झाली कीं नाहीं पाहणें, हा सारा विचार उरकून घ्यावा लागतो. मुलीनें तहानलेल्या कावळ्याचा खेळ योजिला होता: कावळ्यानें खडे आणून घड्यांत टाकावे आणि पाणी वर यावें. वडिलांनीं तो यंत्राच्या भाषेंत उतरविला. प्रथम तिला दहा खडे हवे होते. ओळीच्या वेळांत ते बसेनात, तेव्हां एका वेळीं एकच खडा दाखवावयाचा असें तिनेंच ठरविलें. खेळ त्यानें बिघडला नाहीं. कावळ्याच्या चोंचींत तरी एका वेळीं किती खडे राहणार?

आतां एक नाजूक प्रश्न. हीच विद्या दुसऱ्याचा खेळ उतरवून अस्सल म्हणून विकण्यासहि उपयोगी पडते, आणि असे उद्योग होतातहि. ज्यानें रात्री जागून खेळ रचला त्याचें नांव पुसून टाकणें ही चोरीच होय, मग वस्तु कितीहि लहान असो. या खेळांच्या इतिहासांत नांवाला मोठें महत्त्व आहे. अटारी कंपनी त्या काळीं खेळ रचणाऱ्यांचीं नांवें छापीत नसे. म्हणून वॉरेन रॉबिनेट यांनीं आपल्या 'अॅडव्हेंचर' या खेळांत एक गुप्त खोली रचून तींत आपलें नांव लिहून ठेवलें. तिच्यांतून बाहेर पडलेल्या कांहीं रचनाकारांनीं १९७९ सालीं अॅक्टिव्हिजन ही कंपनी काढली, आणि तिनें रचनाकारांचीं नांवें उघडपणें छापलीं. जो घरीं कॅसेट करील त्यानें हा धडा लक्षांत ठेवावा: आपला खेळ असेल तर आपलें नांव घालावें, दुसऱ्याचा असेल तर त्याची परवानगी घ्यावी व त्याचें नांव ठेवावें. दुर्मिळ जुनी कॅसेट फोडून तिचें कवच वापरण्याचा मोहहि टाळावा. नवीं कवचें आतां छपाईयंत्रावर प्लॅस्टिकचीं निघतात.

इप्रॉममधील लिखाणहि अमर नाहीं. आंत कोंडलेली वीज वर्षानुवर्षें किंचित् किंचित् झिरपत जाते आणि कांहीं दशकांनीं आंकडे बदलूं लागतात. आपल्याकडील पोथ्या वाळवीच्या व ओलाव्याच्या तडाख्यांतून वांचल्या त्या पुन्हां पुन्हां उतरवून घेणाऱ्या लेखकांमुळें. या विद्येचेंहि तसेंच आहे. ज्याला खण भरतां येतो त्यालाच तो पुन्हां भरतां येईल. काळ्या गोळ्याचा खेळ एकदां गेला म्हणजे घरीं तो दुरुस्त करणारा कोणी नाहीं.

माझें मुख्य म्हणणें आतां थोडक्यांत सांगतों. आपल्या खिशांतील टेलिफोन कोणाहि एका माणसाला तळापासून माथ्यापर्यंत समजणें आतां शक्य राहिलेलें नाहीं. तो जादूसारखा वापरावा आणि बिघडला कीं टाकावा, एवढेंच मुलांच्या हातीं उरतें. चोवीस तारा आणि ४०९६ खणांची ही कॅसेट मात्र एका मुलाला, एका उन्हाळ्याच्या सुट्टींत, संपूर्ण समजूं शकते. एकदां एक यंत्र असें पुरें समजलें, कीं पुढें कोणतेंहि यंत्र पाहून तें मूल दबून जात नाहीं. हें माणसानेंच केलें आहे व माणसालाच समजेल, ही खूणगांठ त्याच्या मनांत बसते. शाळांच्या चालकांस माझी विनंति एवढीच, कीं प्रयोगशाळेंतील एक कपाट उघडीं करतां येतील अशा जुन्या यंत्रांसाठीं राखावें, आणि त्याची किल्ली मुलांच्या हातीं द्यावी.