पाऊस पडला म्हणजे किती पडला?



जून महिना लागला की तिन्हीसांजेला पारावर एकच विषय निघतो. रेडिओवर हवामानाचा अंदाज सांगतात, "मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता आहे." दुसरा दिवस कोरडा जातो. मग कोणी तरी म्हणतो, "काय हो, रेडिओत पाऊस पडला, आमच्या शिवारात काही आला नाही!" सगळे हसतात. बोलणे हसण्यासारखे आहेच. पण त्या हसण्यामागे बियाण्याची पिशवी आणि उसना आणलेला पैसा उभा असतो. म्हणून आज या थट्टेचाच थोडा विचार करू. इथे खोटे कोण बोलले? मला वाटते, कोणीच नाही. शब्द एकच होता. सांगणाराने त्याचा एक अर्थ धरला, ऐकणाराने दुसरा.

हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' या शब्दांना नेमके माप आहे. एखाद्या विभागात पाऊस मोजण्याची शंभर ठिकाणे असली, तर त्यांपैकी पंचविसांपर्यंत ठिकाणी पाऊस होईल, असा त्याचा अर्थ. 'काही ठिकाणी' म्हटले की २६ ते ५०. आता हा विभाग केवढा? महाराष्ट्राचे त्यांनी चारच भाग धरले आहेत : कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. मध्य महाराष्ट्र म्हणजे खानदेशापासून थेट कोल्हापुरापर्यंत. एवढ्या मुलखात शंभरांपैकी वीस ठिकाणी पाऊस झाला, तर अंदाज बरोबर ठरला. पण उरलेल्या ऐंशी ठिकाणचा माणूस काय म्हणेल? अंदाज चुकला म्हणेल. त्याच्या दृष्टीने तेही खरेच आहे. कारण त्याला विभाग नाही, आपले वावर दिसते.

बरे, पाऊस झाला असे तरी केव्हा म्हणायचे? खात्याच्या हिशेबी दिवसाकाठी अडीच मिलिमीटर पाणी मोजले गेले, की तो पावसाचा दिवस. अडीच मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे दहा हजार लिटर पाणी! ऐकायला केवढे वाटते. पण तापलेल्या काळ्या रानात ते कुठे जिरले, याचा पत्ता लागत नाही. आपला शेतकरी पाणी मोजत नाही, ओल मोजतो. तो माती उकरतो, बोट घालतो आणि सांगतो, "चार बोटं ओल गेली." त्याच्यापाशी पावसाची नावे तरी किती! भुरभुर, शिंतोडा, सर, झड, वळीव. पेरणीजोगा पाऊस वेगळा, उगवणीपुरता वेगळा. म्हणून तालुक्याच्या गावी पर्जन्यमापकात पंधरा मिलिमीटरची नोंद होते, आणि त्याच दिवशी गावात म्हणतात, "पाऊसच नाही." साहेबाला वाटते, गावकरी वाढवून सांगतात. गावाला वाटते, साहेब कागद रंगवतात. दोघेही आपापल्या मापाने खरे बोलत असतात.

इथवर नुसता गैरसमज झाला. पण गैरसमजाची किंमत द्यावी लागते, ती पेरणीच्या वेळी. "मान्सून राज्यात दाखल झाला," ही बातमी येते. वाऱ्यांची दिशा, ढग आणि ठिकठिकाणचा पाऊस पाहून हवामानशास्त्रज्ञ तसे जाहीर करतात. ते बोलतात ऋतूविषयी. ऐकणारा मात्र ऐकतो, "चाड्यावर मूठ धरा!" एक सर येते, पेरणी होते, मग पंधरा दिवस उघडीप पडते. मोड करपतात आणि दुबार पेरणीचे संकट दारात उभे राहते. म्हणून तर कृषी खाते दरवर्षी सांगते की, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून खरिपाची पेरणी करू नका. पण मिलिमीटर हा शब्दच ज्याने कधी हाती धरून पाहिला नाही, त्याला हा सल्ला कानाआड जातो. तो सल्ला ओलीच्या भाषेत सांगायला हवा.

'सरासरी' हा शब्दही असाच फसवा आहे. "यंदा पाऊस सरासरीइतका" म्हटले की आपण निश्चिंत होतो. सरासरी म्हणजे पुरेसा, असे आपण धरून चालतो. खात्याच्या मनात असते ते साऱ्या देशाच्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या पावसाचे माप, सुमारे ८७ सेंटिमीटर. त्याच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की सरासरी गाठली. पण तो कोणत्या जिल्ह्यात पडला आणि कोणत्या नक्षत्रात पडला, हे त्या एका आकड्यात नाही. एका आठवड्यात धो धो कोसळला आणि मघा कोरडी गेली, तरी सरासरी भरते. कणीस मात्र भरत नाही.

रंगांचेही तेच. हल्ली पावसाचा इशारा रंगांनी देतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे ताबडतोब हालचाल करा. आणि हिरवा? हिरवा म्हणजे कसलाही इशारा नाही. पण शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे हिरवा रंग आला की हिरवे शिवारच उभे राहते! त्यात त्याचा काय दोष?

मग यावर उपाय काय? उपाय जुनाच आहे, आणि तो आपल्याच मुलखात करून पाहिलेला आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने दीडशे गावांतून रेडिओ शेती मंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून वीस कार्यक्रम ऐकत, त्यांवर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे कळवीत. नुसते ऐकण्यापेक्षा उलट विचारण्याला तिथे मोल होते. ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत पुन्हा सांगून पाहिली, की ती कुठे अडते हे सांगणाराला कळते आणि ऐकणारालाही कळते.

शिक्षक बंधुभगिनींना म्हणून एक सुचवतो. शाळेच्या अंगणात, झाडा-भिंतीपासून दूर, सरळ उभ्या कडांचा एक डबा ठेवा. त्यात जेवढे मिलिमीटर पाणी उभे राहील, तेवढा पाऊस. मुलांनी रोज सकाळी पट्टीने मोजावे आणि फळ्यावर लिहावे. पण तेवढ्यावर थांबू नका. शेजारी दुसरा रकाना आखा. मुलाने घरी आजोबांना विचारावे, "आबा, कालचा पाऊस कसा होता?" आबा म्हणतील, "भुरभुर हुती," किंवा "दोन बोटं ओल गेली." तेही जसेच्या तसे लिहावे. एका पावसाळ्यात तुमच्या गावच्या मातीचा कोशच तयार होईल. पुढच्या वर्षी रेडिओवर मिलिमीटर ऐकले, की गावाला बोटे कळतील. आणि साहेब गावात आले, की आबांच्या बोटांचे मिलिमीटर त्यांना दाखवता येतील.

शहाणपण आकड्यांतही आहे आणि बोटांतही आहे. पण आपले माप तेच जगाचे माप, असे दोघांनीही धरून चालू नये. समोरचा चुकला असे म्हणण्याआधी एवढेच विचारावे, "दादा, पाऊस म्हणजे तुमच्याकडे किती?" या एका प्रश्नाने एखाद्याची पेरणी वाचेल.