कॉलबॅक लपवा, पण हिशोब ठेवा

आजचा भाग छोटा आहे, पण त्यातला धडा मी दोन रात्री जागून शिकलोय.

फोटोची साइज कमी करणारं एक वेब पेज मी बनवलं होतं. मुख्य काम सी भाषेत, आणि एमस्क्रिप्टेनने ते वेबअसेम्ब्लीत आणलेलं. काम संपलं की सी कोडने जावास्क्रिप्टला कळवायचं. त्यासाठी मी रन-स्क्रिप्ट वापरलं, म्हणजे सी मधून थेट जावास्क्रिप्टची ओळ चालवायची. पण त्या ओळीला माझ्या स्वतःच्या जावास्क्रिप्ट मॉड्यूलच्या आतलं काही दिसत नाही. म्हणून मी 'ऑनडन' हे फंक्शन सरळ विंडोवर टांगलं.

पुढे पेजवर दुसरी स्क्रिप्ट आली. तिचंही फंक्शन 'ऑनडन'! माझं पुसलं गेलं. फोटो तयार व्हायचा, पण सेव्हचं बटण यायचंच नाही. कन्सोलवर एररसुद्धा नाही. लोक वाट बघून टॅब बंद करायचे.

मग लक्षात आलं, की सी ला नाव लागतच नाही. त्याला फंक्शन पॉइंटर लागतो, आणि वेबअसेम्ब्लीत तो म्हणजे टेबलमधल्या जागेचा नंबर. कॉलबॅक मॉड्यूलच्या आतच लिहा, एक्स्पोर्ट करू नका. अ‍ॅडफंक्शनला तो द्या, सोबत सिग्नेचर 'व्हीआय': काही परत देत नाही, एक इंटिजर घेतो. मिळालेला नंबर सी ला द्या. बिल्ड करताना टेबल वाढू देणारा फ्लॅग मात्र चालू हवा. बाहेर एकच फंक्शन दिसू द्या: फोटो छोटा करणारं. एमस्क्रिप्टेनचा मॉड्यूल ऑब्जेक्टही बाहेर देऊ नका, नाहीतर पुढचं दार बंद आणि मागचं उघडं.

आता खरी मेख. टेबल तुमचं फंक्शन धरून ठेवतं, गार्बेज कलेक्टर ते उचलत नाही. दर फोटोला नवा कॉलबॅक जोडलात, तर टेबल फुगत जाणार. म्हणून काम संपल्यावर रिमूव्हफंक्शन. पण घाई नको! मोकळी झालेली जागा पुढच्या फंक्शनला मिळते. सी ने जुना नंबर जपून ठेवला असेल, तर तो भलत्यालाच हाक मारेल. शेवटची हाक येऊन गेली, की मगच काढा.

बाहेरच्यांपासून लपवलेल्या गोष्टीची आवराआवर आपल्यालाच करावी लागते. आज तुमच्या कोडमध्ये 'विंडो.' एवढंच शोधून बघा, काय काय टांगलेलं सापडतं ते. भेटू पुढच्या भागात!