सरांच्या जागी कोण?

वसंतराव देशपांडे यांचा खाँसाहेब ज्यांनी पाहिला, त्यांना दुसरा रुचणे कठीण. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगभूमीवर आले. वसंतराव १९८३ मध्ये गेले, तेव्हा त्यांचा नातू राहुल लहान मूल होता. २०१० मध्ये तोच त्या भूमिकेत उभा राहिला. संगीत नाटकात नव्या नटाला निदान आधार असतो. पदे ठरलेली, चाली अभिषेकीबुवांच्या, साथीला तबला-पेटी.

पण आपल्या मराठवाड्याच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चे काय? लिहिणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे, करणारेही तेच. १९७९ पासून ते एकटे ५२ पात्रे उभी करत. समोर सहनट नाही की काही नाही. २००९ मध्ये सर गेले. आता वऱ्हाड जागचे हलत नाही, असे वाटणे साहजिक होते. पुढे ते अंगावर घेतले माजलगावच्या संदीप पाठक यांनी.

गाव महत्त्वाचे आहे. पुण्या-मुंबईत ‘गावरान’ म्हणून काहीही खपते. नांदेड-लातुरात लोक लगेच कान टवकारतात. ‘काय करायलास?’ हे शब्द कुणीही पाठ करील, त्यातला हेल पाठ होत नाही. पाठकांकडे तो घरचाच. त्यामुळे सरांच्या लकबी उचलण्याची त्यांना गरज नाही. नकला काय, गॅदरिंगमध्येही होतात!

मध्यंतरात चहा पिताना जुने प्रेक्षक ‘सर असते तर...’ म्हणणारच. म्हणू द्या. घंटा झाली की तेच आधी खुर्चीत जाऊन बसतात.