चौकटीतील दोन आसने
(व्याख्यानाचा संपादित भाग)



सवाई माधवराव पेशव्यांची मुद्रा आज आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते, ती मुख्यतः एका स्कॉटिश चित्रकाराच्या कुंचल्यामुळे. जेम्स वेल्स 1791 साली मुंबईस उतरला आणि पुढील वर्षी इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पेशव्यांच्या दरबारी पोहोचला. 1792 साली त्याने रंगविलेले भव्य तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रही आहे.

रत्नालंकारांनी मंडित असा अठरा वर्षांचा पेशवा, शेजारी पन्नाशीचे नाना फडणवीस आणि सभोवती सेवकवर्ग, असे हे चित्र. राजपुरुषाच्या भव्य चित्रात सहसा त्याच्या वैभवात कोणी वाटेकरी नसतो. येथे मात्र कारभारी त्याच चौकटीत आसनस्थ आहे. पुण्याच्या सत्तेचे याहून प्रामाणिक चित्रण दुसरे कोणते असेल?

नारायणरावांच्या 1773 मधील खुनानंतर, 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. अवघ्या चाळीस दिवसांच्या या बालकाच्या नावे पेशवाईची वस्त्रे आली. बारभाईंनी, विशेषतः नानांनी, ही गादी प्राणपणाने राखली. त्यांच्या निष्ठेविषयी आणि मुत्सद्देगिरीविषयी आदरच बाळगला पाहिजे. परंतु बाळ मोठा झाला तरी पहारा उठला नाही. चित्र रंगले त्याच वर्षी महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले. तरुण पेशव्याचा त्यांच्याकडील ओढा नानांना अस्वस्थ करीत राहिला.

मार्च 1795 मध्ये खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला. विजयाचा तो हर्ष आठ महिनेही टिकला नाही. शनिवारवाड्यात उंचावरून पडून 27 ऑक्टोबर 1795 रोजी एकविसाव्या वर्षी पेशव्यांचा अंत झाला. ती आत्महत्या की ज्वराच्या भरातील अपघात, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबरमध्ये, वेल्सही निवर्तला.

या कथेत आणखी एक नाव विसरता कामा नये. पुण्यात वेल्सकडून पाश्चात्य पद्धतीचे रेखाटन शिकलेले गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट यांनी वेरूळ येथील लेण्यांची नजाकतदार चित्रे काढली. त्यांची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात जपली आहेत. त्यांच्या हाती कुंचला विश्वासाने सोपविला गेला, म्हणून तो हात घडला.

राज्यकारभार तसा सोपविला गेला नाही. नानांनी वारसा राखला, पण वारसाला तो पेलण्याचा सराव मिळू दिला नाही. घर असो, संस्था असो वा राज्य, केवळ राखून ते टिकत नाही. योग्य वेळी पुढच्या पिढीच्या हाती ते द्यावे लागते. या चित्रातील दोन आसनांकडे पाहताना एवढे तरी ध्यानी घ्यावे.