वसतिगृहातील पंगत

(उच्च शिक्षणासाठी वसतिगृहात दाखल होणारे प्रथम वर्षाचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्या नाशिक येथील मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



या सभागृहात आज निरनिराळ्या काळज्या शेजारी शेजारी बसल्या आहेत. आईला वाटते, लेकरू वेळेवर जेवेल का? वडिलांना वाटते, संगत कशी लागेल? मुलामुलींच्या मनात मात्र एक वेगळाच, सहसा न बोलला जाणारा प्रश्न असतो : तिथे मला कोणी आपले म्हणेल का? आज मला या तिसऱ्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे. कारण त्याचे उत्तर मिळाले की पहिल्या दोन काळज्या बऱ्याच अंशी मिटतात.

नाशिक आणि वसतिगृह यांचे नाते जुने आहे. १९१४ साली येथे मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली. तिच्या मुळाशी खेड्यापाड्यांतून येणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांच्या निवासाचा व भोजनाचा प्रश्न होता. शाळेत नाव घालता येई. पण रात्री पाठ कोठे टेकायची? उदाजी मराठा वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला १९२० साली राजर्षी शाहू महाराजांच्या हस्ते बसविण्यात आली. पुढे १९३७ साली धर्मवीर डॉ. मुंजे यांनी येथेच भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. तेथे अध्ययन, व्यायाम, शिस्त आणि निवास यांची सांगड त्यांनी घातली.

त्या काळची बहुतेक वसतिगृहे जातवार का होती, याचाही प्रामाणिक विचार केला पाहिजे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. कारण उघड होते. अस्पृश्य मानलेल्या मुलाला गावात कोणी खोली देत नव्हते आणि कोणी त्याला आपल्या पंगतीला बसू देत नव्हते. हा दोष परक्यांनी लादलेला नव्हता. तो आपल्याच घरातला होता, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. आज कायद्याने ते दरवाजे उघडले आहेत. मनाचे दरवाजे उघडले आहेत काय, याची परीक्षा मात्र वसतिगृहाच्या पहिल्याच दिवशी होते. ‘नाव काय?’ असे विचारून आपण थांबत नाही, ‘आडनाव काय?’ हेही विचारतो. आणि ते विचारण्यामागचा हेतू दोघांनाही ठाऊक असतो.

मित्रांनो, आपल्याच जिल्ह्यातील एका प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याची आठवण करून देतो. भगूरचे विनायक दामोदर सावरकर जानेवारी १९०२ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. वडील १८९९ साली प्लेगला बळी पडलेले. संसाराचा भार थोरले बंधू बाबाराव यांच्यावर. उच्च शिक्षणाचा खर्च सासरे भाऊराव चिपळूणकर यांनी उचलला. म्हणजे घरची आर्थिक ओढाताण काय असते, हे या विद्यार्थ्याला सांगावे लागत नव्हते. वसतिगृहात या तरुणाने मित्र जोडले, हस्तलिखित साप्ताहिक चालविले, वाचन आणि चर्चा यांचे वातावरण निर्माण केले. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. महाविद्यालयाने सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. लोकमान्यांनी ‘केसरी’तून या शिक्षेवर टीका केली. सावरकरांनी शिक्षा भोगली आणि बी.ए.चे शिक्षणही पूर्ण केले. ज्या वसतिगृहातून त्यांना बाहेर काढले, तेथील त्यांची खोली आज स्मारक म्हणून जपली जाते.

कोणी म्हणेल, मग आम्हीही नियम मोडतो! रात्री फाटकावरून उडी मारून सिनेमाला जाणे आणि विचारपूर्वक घेतलेल्या व्रतासाठी शिक्षा पत्करणे, यांतील अंतर सुज्ञांस सांगणे न लगे.

१९०६ साली सावरकर लंडनला गेले, तेही एका वसतिगृहातच. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली भारतीय विद्यार्थ्यांसाठी उघडलेले ‘इंडिया हाऊस’ हे ते वसतिगृह. महाराष्ट्राचे सेनापती बापट, तामिळनाडूचे व्ही. व्ही. एस. अय्यर, पंजाबचे मदनलाल धिंग्रा अशी निरनिराळ्या प्रांतांची मंडळी त्या वास्तूत एकत्र आली. संघसंस्थापक डॉ. हेडगेवार १९१० साली वैद्यकीय शिक्षणासाठी कोलकात्यास गेले, तेव्हा तेही तेथील विद्यार्थ्यांच्या निवासात राहिले. १९१३ साली दामोदर नदीला महापूर आला, तेव्हा नागपूरचा हा विद्यार्थी बंगालमधील पूरग्रस्तांच्या मदतीस धावून गेला. आपले घर केवढे मोठे आहे, हे घराबाहेर पडल्यावरच कळते.

आता एका कटू विषयाकडे वळतो. ज्येष्ठांचा मान राखणे हा संस्कार आहे. त्यांची दहशत सहन करणे हा संस्कार नव्हे. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि दोषी ठरल्यास महाविद्यालयातून हकालपट्टी, अशा त्यातील तरतुदी आहेत. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम लागू केले. प्रवेशाच्या वेळी तुम्ही आणि तुमचे पालक जे प्रतिज्ञापत्र भरून देता, ते या नियमांनुसारच. १८००-१८०-५५२२ हा मदतीचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तक्रार करणे हा भित्रेपणा नाही. गप्प राहिल्याने पुढच्या वर्षीच्या मुलाचाही छळ होतो.

पालकांना मात्र एक अवघड प्रश्न विचारतो. आपला मुलगा छळ सोसून आला, तर आपण रातोरात धावून जाऊ. पण तो दुसऱ्याला छळून आला, तर? ‘मुलांची गंमत आहे’ असे म्हणून आपण त्याला पाठीशी घालणार काय? तसे केले, तर शिशुवयात शिकविलेली सारी स्तोत्रे व्यर्थ गेली, असेच म्हणावे लागेल. संस्काराची कसोटी दुर्बलाशी आपण कसे वागतो यातच असते.

उद्या तुमच्या खोलीत सुरगाण्याच्या पाड्यावरून आलेला, घरात प्रथमच महाविद्यालयात पाऊल टाकणारा एखादा मुलगा असेल. त्याची भाषा वेगळी असेल, कपडे साधे असतील, इंग्रजीतील व्याख्यान त्याला समजत नसेल. एखादी मुलगी ईशान्य भारतातून आलेली असेल आणि चेहऱ्यावरून तिला ‘परदेशी’ समजणारेही भेटतील. अशा वेळी तुम्ही कोणाच्या शेजारी उभे राहाल? समरसतेवर भाषणे पुष्कळ होतात. पण आईने दिलेला फराळाचा डबा त्या खोलीत प्रथम कोणापुढे उघडला जातो, त्यावर समरसता ठरते.

म्हणून पालकांना एकच विनंती. दररोज रात्री मोबाइलवर तुम्ही विचाराल, ‘जेवलास का?’ जरूर विचारा; तो मायेचा प्रश्न आहे. पण त्याला आणखी एक प्रश्न जोडा : ‘जेवलास कोणाबरोबर?’ आज एक नाव कळेल, महिन्याने चार, वर्षाअखेर दहा. ती नावे निरनिराळ्या गावांची, निरनिराळ्या जातींची, निरनिराळ्या भाषांची असली, तर निश्चिंत असा. पोर वेळेवर जेवत आहे, संगतही चांगली आहे, आणि त्याला आपले म्हणणारी माणसे भेटली आहेत. ही पंगत जसजशी वाढेल, तसतसे राष्ट्र उभे राहील.